मच्छरदाणी न फिरवलेलं तळं

तळ्याच्या चाचांना ‘सगळं ठीक आहे’ असं म्हणताना मी एकदाही ऐकलं नाही. ढग आले की पाण्यात मासे गुदमरतील ही काळजी, ऊन पडलं की पाणी तापेल ही काळजी. शेजारच्या सोयाबीनवर फवारणी सुरू झाली की हातातला चहा तसाच ठेवून ते तळ्याकडे पळत आणि आधी चतुर, त्यांच्या भाषेत हेलिकॉप्टर, उडतायत का ते बघत. “हेलिकॉप्टर फिरून राहिले ना बेटा? मंग मासे जित्ते हायेत,” म्हणत. तेवढ्यानेही त्यांचा जीव भांड्यात पडत नसे.

साखऱ्याच्या शिवारात त्यांची दोन मत्स्यतळी होती. लहान तळ्यात बीज, म्हणजे माशांची इवली पिल्लं, वाढवायचं, ते बोटाएवढं झालं की मोठ्या तळ्यात सोडायचं. मी सेनगावहून एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिथले चतुर आणि टाचण्या मोजायला जायची. पंख पसरून बसतो तो चतुर, मिटून बसते ती टाचणी, हे मी चाचांना पहिल्याच दिवशी शिकवलं. त्यांनी विचारलं, “खातं काय?”

“डास,” मी ऐटीत म्हणाले.

“ते पंख फुटल्यावर. त्याच्या आधी?”

आधीचं त्यांना माझ्यापेक्षा बरं माहीत होतं. चतुराची अळी पाण्यात वाढते आणि समोर येईल ते खाते. म्हणून बीज सोडण्याआधी चार दिवस चाचा आणि चाची जुन्या मच्छरदाणीची टोकं धरून सकाळ-संध्याकाळ लहान तळं गाळत. एकही अळी निघाली नाही तरी गाळत. चाची वैतागायची, “आता पाणीच निघंल सारं!”

त्या पावसाळ्यात मला अळ्या गवतावर चढून चतुर होताना मोजायच्या होत्या. मी म्हटलं, “चाचा, या बारीला मच्छरदाणी नका फिरवू.”

ते काठाशी वाकून पाण्यात अळ्या शोधू लागले. “नुकसान न्हाई ना होणार? तू शिकलेली हायेस, तू म्हनशील तसं.”

“काई न्हाई होत,” मी म्हणाले. माझ्या पुस्तकात चतुर शेतकऱ्याचा मित्र होता, मग बोलायला माझं काय जात होतं!

बीज सोडलं. तिसऱ्या दिवसापासून चाचा काठाशी कोंडा टाकून उकिडवे बसू लागले. “बीज दिसून न्हाई राहिलं बेटा.” खोल गेलं असेल, मी म्हणायची. गवतावर चतुर मात्र रोज वाढत होते आणि वहीत आकडे लिहिताना मला आनंद व्हायचा, याची आज लाज वाटते.

पंधराव्या दिवशी त्यांनी मच्छरदाणी ओढली. ओंजळभर बीज आलं, बाकी गलेलठ्ठ अळ्या. एकीच्या तोंडात इवलासा मासा अजून हलत होता. चाची ते ओंजळभर बीज घागरीतल्या पाण्यात सोडू लागली. बीज मिळायचे दिवस सरले होते, मोठं तळं आता वर्षभर रिकामं राहणार होतं. चाचा मला रागवले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अळ्या बादलीत काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. “घे, मोज. तुझं तरी काम होऊ दे.”

प्रबंध पुरा झाल्यावर मी तो दाखवायला गेले. त्यांनी पानांवरून हात फिरवला. “आपल्या तळ्याचं काय लिवलं?”

“लई जाती सापडल्या, असं.”

“अन् बीज खाल्लं ते?”

“ते न्हाई लिहिलं.”

“काहून?” ते एकदम घाबरले. “दुसऱ्या कोनी वाचून मच्छरदाणी न्हाई फिरवली तर? त्याची बी तळी रिकामी व्हतील. लिही बेटा.”

मी हो म्हणाले आणि लिहिलं नाही. पदवी मिळाली होती, आता आपल्याच तोंडाने स्वतःची चूक कोण सांगणार? यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. म्हणून आता इथे लिहिते: बीज सोडण्याआधी तळं गाळा. चाचांचं तळं माझ्या शब्दावर रिकामं झालं.