घाटात बंद पडणारा कॉम्प्युटर

“मेलं. पुन्हा घाटातच मेलं. आज फोडतोच याला,” मी अंगणातून असा ओरडलो, की तिकडं नरसिंहपूरच्या संगमावर भीमा थबकली आणि नीरेनं तिला विचारलं म्हणे, काय झालं.

काय व्हायचं? आबांची ओवी मधेच थांबली होती. म्हणजे घरातला कॉम्प्युटर पुन्हा काळा पडला होता.

आबा म्हणजे माझे वडील. तरणेपणी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, पण ती सगळी वाट त्यांच्या एका लांबलचक ओवीत राहिली: कुठल्या रानात मेंढरांचा वाडा बसला, कुठल्या ओढ्यात कोकरू वाहून गेलं, कुणी भाकरी दिली, कुणी अंगावर कुत्री सोडली. त्यांच्याशिवाय ती कुणालाच येत नाही. आणि आबांचा दम आता पहिल्यासारखा नाही. एकदा म्हटली की पुढं कितीतरी दिवस खोकत बसतात. म्हणून ती भरून ठेवायची मी जिद्द धरली. आधी फोनवर घेतली, तर ऐन रंगात एका बाईनं फोन करून कर्ज हवंय का विचारलं. मग माईक आणला आणि कॉम्प्युटरला जोडला.

तो नालायक दरवेळी घाटात बंद. ओवीतली मेंढरं घाटाच्या तोंडाशी आली, की पडदा काळा. तोवरचं गाणंही गायब. चालू केला की वर मलाच सांगणार, ‘संगणक नीट बंद केला गेला नव्हता.’ मी? मी बंद केला? चोरानं घर धुऊन न्यावं आणि जाताना मालकाला झापावं, कडी का लावली नाही म्हणून, तशातली गत. आबांना म्हटलं, तुकड्यातुकड्यानं म्हणा. तर म्हणाले, “मेंढरं काय तुकड्यानं चालत्यात व्हय?”

मोटारसायकलवर घालून तो बारामतीच्या दुकानात नेला. तिथं तो दिवसभर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा गुणी. दुकानदार म्हणाला, “हितं तर झकास चालतोय. तुमच्या घरची लाईट खराब.” मी वायरमनशी भांडलो. बॅटरी आणून बसवली. बायकोचा मिक्सर जप्त केला. उंदरांना तर असा दम दिला, की निम्मे उंदीर काटेवाडीला राहायला गेले. आबा गायला बसले, की दार ओढून मी बाहेर पायरीवर काठी घेऊन पहारा द्यायचो. एकदा गाणी लावून आलेला उसाचा ट्रॅक्टर मी ट्रॉलीसकट उचलून बांधापलीकडं ठेवला. बायको म्हणते, मी ड्रायव्हरला फक्त आवाज कमी करायला सांगितलं. तिला काय कळतंय.

एरवी आबाच दार उघडून सांगायचे, “मेलं तुझं.” त्या दिवशी मात्र मी वाट न बघता ओरडतच आत घुसलो. बघतो तर आबा कॉम्प्युटरच्या डब्यावरून घोंगडं काढत होते. काळं, जाड, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं. खालचा डबा एवढा तापलेला, की भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

“आबा, हे काय?”

“घोंगडं.”

“ते दिसतंय मला. याच्यावर कशाला?”

“लई घुमतंय ते. माझा सूर एकीकडं, त्याची घरघर दुसरीकडं. पांघरूण घातलं की जरा गप बसतंय.”

“अहो, पंखा हाय त्यो त्याचा. गुदमरून मरतंय ते. तापलं की आपोआप बंद होतंय. बारामतीला हेलपाटे घालून माझी चाकं झिजली. एका शब्दानं सांगायचं तरी.”

“तू इचारलं कवा? समद्या गावाला इचारलंस.”

दारातून बायको हसली. मी तिच्याकडं असं बघितलं, की भिंतीवरची पाल निसटून पडली. घोंगडं ओढून मी अंगणात भिरकावलं. तेवढ्यात आबांना खोकल्याची उबळ आली, आणि मला एवढा राग आला, की तो कुणावर काढावा तेच कळेना. बायकोनं पाणी दिलं. ते प्यायले.

डबा गार झाल्यावर मी बटण दाबलं. पंखा घुमायला लागला. मी माईक त्यांच्यापुढं सरकवला.

“आता पांघरूण नाही घालायचं. पहिल्यापासून म्हणा, आबा. म्हणाल ना?”

आबांनी डब्याकडं बघितलं.

“म्हणतो. आधी ते बंद कर.”