घंटा झाली की रांग

आमच्या नाटकाच्या ग्रुपचे किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. मी जुन्नरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो, ड्रॉइंग हॉलची किल्ली माझ्याकडे असते आणि रविवारी दुपारी तिथं आमची तालीम चालते. तीन तासांच्या तालमीत तासभर नाटक होतं. उरलेल्या दोन तासांत जे होतं ते मी घरी जेवताना सांगतो, आणि बायको म्हणते, "यातलं निम्मं तुम्ही रचता." तिला खोटं पाडण्यासाठी तरी एकदा लिहून काढावं म्हटलं.

ग्रुप सहा जणांचा. सगळे एकाच बालगृहात वाढलेले. अठरा पूर्ण झाली की तिथून निघावं लागतं, तसे हे एकेक करून निघाले आणि आता मिळेल ते काम करतात. सगळ्यात उंच विशाल, तो पिंपरी पेंढारला गॅरेजात आहे. मंगल जुन्नरच्या एका दवाखान्यात केसपेपर काढते. बाकी चौघांची नावं घेत नाही, कारण एकाचं घेतलं की उरलेले तिघं रुसतात.

मंगलचं मात्र आधीपासून ठरलेलं होतं. पुण्यात एका संस्थेत वर्षभर नाटक शिकवतात, राहण्याजेवणाची सोय करून. तिला तिथं जायचं होतं, आणि वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पहिल्याच रविवारी मला म्हणाली, "सर, त्यांच्यापुढं उभं राहता येईल एवढं करून घ्या." मी हो म्हणालो. चित्रकलेचा मास्तर आणखी काय म्हणणार?

*

त्या पहिल्या तालमीला बायकोनं पातेलंभर पोहे दिले होते. मी लिंबू कापून होईस्तोवर सगळ्यांचे पोहे संपलेले, प्लेटा नळावर धुतलेल्या आणि खिडकीत उपड्या घातलेल्या. मी कापलेलं लिंबू हातात धरून बसलो.

हा झपाटा नाटकात आमच्या अंगाशी आला. आमच्या नाटकात जेवणाचा एक प्रवेश होता. आई-बाप आणि पोरं जेवता जेवता पाच मिनिटं बोलतात, एवढंच. खरी भाजी-भाकरी ठेवली तर विशालचं जेवण दुसऱ्याच वाक्याला संपायचं. मग मी ताटं रिकामी ठेवली आणि नुसता अभिनय करा म्हणून सांगितलं. तर या गड्यानं तिसऱ्या वाक्याला अभिनयानं जेवण संपवलं, ताट उचललं आणि ऐन प्रवेशातून उठून ते घासायला निघून गेला! हा घरातला बाप होता.

"आरं, बाप ताट घासत नाय," मी ओरडलो. माझीही भाषा अशा वेळी सुटते.

विशालनं थांबून विचार केला. "मग कोन घासतं? आई तर अजून जेवतीय."

बायकोला हा किस्सा सांगितला तेव्हा तिनं माझ्या ताटाकडे बघितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात माझं ताट मी घासतो.

*

बाप रागावतो, असा एक प्रवेश मी त्यांना आयत्या वेळी करायला दिला. संवाद नाहीत, तुम्हीच बोला म्हटलं. विशाल बाप, मंगल पोरगी. विशाल घरात शिरला तो दार वाजवून. आत आल्यावर सगळ्यांना उभं केलं. मग मंगलला नाव विचारलं, इयत्ता विचारली आणि वर्तन सुधारण्याची सूचना देऊन निघून गेला.

मी म्हटलं, हे बालगृहाचे अधीक्षक झाले, बाप नाही झाला. बाप आरडाओरडा करतो, दोन दिवस बोलत नाही, असं काहीतरी करा. मंगल मन लावून ऐकत होती. तिनं विचारलं, रागावून झाल्यावर पोरगी जाते कुठं? मी म्हटलं, कुठं जाणार, त्याच घरात असते. मग रात्रीचं जेवण? बापाशेजारीच बसून.

"तिला कुटंच पाठवत न्हाईत?"

"नाही."

"मंग त्यो रागावला कसला, सर?"

चहा करून आणतो म्हणून मी बाहेर गेलो आणि आमच्या शाळेत गॅस नाही हे मला नळापाशी पोचल्यावर आठवलं.

*

जुन्नरच्या पहिल्या प्रयोगाला हॉल भरला होता, त्यात निम्मे आमच्या शाळेचे पालक. मी विंगेत. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. पडदा उघडला तर माझे सहाच्या सहा नट रंगमंचाच्या मधोमध उंचीप्रमाणे रांग लावून उभे. आणि मोजणी सुरू. "एक." "दोन." तिसरी मंगल, ती म्हणाली, "तीन." असं करत विशालच्या "सहा"पर्यंत आले, आणि मग सगळ्यांना एकदमच उमगलं की आपण कुठं उभे आहोत.

बालगृहात दिवसातून पाच वेळा घंटा व्हायची आणि घंटा झाली की रांग. दहा-बारा वर्षांची सवय. मी तालमीत कधी घंटा वाजवलीच नव्हती, म्हणजे चूक माझीच. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि समोर टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसऱ्या दिवशी आमचे हेडमास्तर म्हणाले, "सुरुवात फार प्रतीकात्मक घेतलीत." मी मान डोलावली.

पुढच्या प्रयोगातून ती रांग काढून टाकायला मी बराच जीव आटवला. घंटा नसली की सगळं नीट यायचं. घंटा झाली की पुन्हा पाय आपोआप रांगेकडे. शेवटी मी नाद सोडला आणि रांग नाटकात कायम केली.

*

खोडदला प्रयोग केला तो देवळासमोरच्या ओट्यावर. माइक ऐन वेळी बंद पडला. दहा मिनिटं झाली असतील, एक आजोबा उभे राहिले आणि गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत त्या दिशेला हात करून विशालला म्हणाले, "आरं भाऊ, त्या तबकड्यांना पार आभाळातलं ऐकू येतं, आन् आमाला तिसऱ्या वळीत तुझं ऐकू येईना. जरा मोट्यानं बोल की राव." विशाल त्यानंतर असा बोलला की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

प्रयोग संपल्यावर गावानं सहा जणांना सहा नारळ दिले. नारळ हातात पडताच सगळे रांगेत आले, हात जोडले आणि एका सुरात म्हणाले, "धन्यवाद, काका-काकू, पुन्हा आमच्याकडे या!" बालगृहात कुणी वाढदिवसाला खाऊ घेऊन आलं की हे म्हणायचं असायचं.

मग तेच आजोबा म्हणाले, "येडी का काय रं तुमी? नाटक तुमी केलं. धन्यवाद आमी म्हनायचं." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. मंगल आपला नारळ बरेच दिवस फोडत नव्हती.

*

पुण्याच्या त्या संस्थेत मंगलची निवड चाचणी होती त्या दिवशी आम्ही सगळे पहाटेच्या एसटीनं गेलो. पाच जणांनी सुट्ट्या काढल्या होत्या. विशालच्या मालकानं सुट्टी दिली नव्हती, तरी तो आलाच. त्यांना मी व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि मंगलबरोबर टेबलापाशी गेलो.

क्लार्कबाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला. वसतिगृहासाठी घरच्या माणसाची सही हवी, ती जागा कोरी होती. मी पुढं झालो. कोण तुम्ही? मी म्हटलं, मी तिचा सर. बाईंनी समजुतीनं सांगितलं की सर चालत नाहीत, घरचंच कुणी लागतं, त्याशिवाय आत सोडता येत नाही. मंगल टेबलाची कड धरून उभी राहिली. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात शिपायानं पुढच्या तुकडीला बोलावण्यासाठी घंटा वाजवली. व्हरांड्यात बाक सरकल्याचा आवाज झाला.

"एक."

"दोन."

मंगलनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही. टेबलाची कड धरूनच म्हणाली, "तीन."

"चार." "पाच." "सहा."

क्लार्कबाई मान वाकडी करून दाराबाहेर बघत राहिल्या. "हे कोण?"

"घरचे," मंगल म्हणाली.

बाईंनी एकदा अर्जाकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. "अहो, पण इथं जागा एकाच सहीची आहे."

रांगेच्या टोकाकडून विशाल म्हणाला, "आमी बारीक करतो, म्याडम."