लाल फडक्यातलं पुस्तक

बुधाजीदादा पुस्तक वाचायचे ते पाटावर ठेवून. आधी लाल फडकं सोडायचं, मग चष्मा पुसायचा, मग एकेक ओळ मोठ्यानं. दिवस श्रावणाचे. वैशाखरे गावात श्रावणात कुठल्या तरी घरी पोथी लागतेच. निवृत्तीनंतर शांतता हवी म्हणून मी इथं दोन खोल्या बांधल्या आणि पंधरवड्यात ती शांतता मला खायला उठली. त्यामुळे शेजारच्या ओटीवरून वाचनाचा सूर आल्याबरोबर मी नारळ घेऊन धावलो. चपला काढल्या, पाटापुढे नारळ ठेवला, डोकं टेकलं आणि हात जोडून बसलो.

"मग तळ्याखालच्या राणीने मुलाची सावली कात्रीने कापली आणि तोंडात टाकली," दादांनी वाचलं.

"हरी हरी," मी म्हणालो.

दोन पोरांच्या सावल्या गिळून झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "दादा, हे कुठलं पुराण?"

"पुराण कसलं वो! नातीची गोष्ट हाय. ल्हान पोरांची." हसता हसता त्यांनी नारळ फोडला आणि अर्धा माझ्या हातात दिला. "देवाला नाय तर पोटाला पोचू दे."

दादा एसटीतले निवृत्त कंडक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी डोंबिवलीला. नात स्वरा मे महिन्यात येऊन गेली तेव्हा हे पुस्तक अर्ध्यात मोरपीस घालून विसरली होती. प्रकरण सुरू करताना दादा म्हणत, "चला, डबल बेल!" आणि मोरपिसाशी आले की, "सिंगल बेल. गाडी थांबली." पुढचं पान काही केल्या उलटायचं नाही.

"पुढचं स्वरा आल्यावर. दिवाळीत येनारे ती. दोघं मिळून वाचू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून. त्याच पोरांच्या त्याच सावल्या मी किती वेळा गिळलेल्या ऐकल्या, देव जाणे. तरी दर वेळी अंगावर काटा यायचा. घरी जाताना मी ऊन टाळून आंब्याखालून जायचो, स्वतःची सावली दिसायला नको म्हणून. ल्हान पोरांची गोष्ट, आणि माझी साठी उलटलेली!

दिवाळीत स्वराचा क्लास निघाला. दादांनी फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर.

"ते पुस्तक? आबा, ते मी मैत्रिणीकडून घेऊन कधीच संपवलं! तुम्ही वाचताय?"

"नाय गो. झाडताना सापडलं, म्हनून इचारलं."

फोन ठेवून दादा बराच वेळ फडक्याच्या कडा नीट करत बसले. मग मोरपीस काढून त्यांनी खिशाला लावलं. "चला वसंतराव, डबल बेल."

शेवट मी कधी विसरणार नाही. सावली जाऊन तळ्याखाली अडकलेल्या पोराला काठावरून कुणी रोज नावानं हाक मारली, तर त्याची सावली पुन्हा उगवते. एकेक करून सगळी पोरं वर येतात. एक पोरगा तेवढा राहतो. त्याचं नाव घेणारं कुणीच नसतं. गोष्ट तिथंच संपते.

"असलं पोरांना वाचायला देतात?" मी चिडलो.

"पोरांना काय वाटायचंय? त्यांना हाका मारनारे पन्नास जन." दादांनी फडक्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून हाक आली, "वसंतराव!"

"काय?"

"काय नाय." आणि ते आत गेले.

मग हे रोजचंच झालं. एकदा दाढी करताना धावत बाहेर आलो आणि हनुवटी कापून घेतली. "अहो, काम काय ते तरी सांगा!"

माझ्या तोंडावरचा फेस बघून दादा खदखदून हसले. "झालं की काम."

शिमग्याच्या आधी दादा गेले, दुपारी, ओटीवरच. मुलगी आली, दिवस झाले, घराला कुलूप लागलं. पुस्तक कुणाला नको होतं, ते माझ्याकडे आलं.

त्यानंतर किती तरी दिवस सकाळी दाढीचा ब्रश हातात धरून मी उगाच थांबायचो. या गावात मला नावानं हाक मारणारा तो एकच माणूस होता, हे मला तेव्हा कळलं.

आता मीच कुंपणापाशी जातो. रस्त्यानं जाणारे बघतात, बघू देत.

"बुधाजीदादा!"

पलीकडून "काय?" येत नाही. मी थोडं थांबतो, "काय नाय" म्हणतो आणि आत येतो.