पालथी वाटी

आमचे जर्मनीतल्या नेकारसुल्म गावचे घरमालक क्लबात पिस्तुलाची नेमबाजी करतात. मनगट दुखतं म्हणून हलकी काडतुसं, रीतसर परवाना काढून, तळघरात स्वतःच भरतात. एकदा त्यांनी मला बंदुकीची दारू मोजून दाखवली. काटा हलेल म्हणून मला श्वाससुद्धा जपून घ्यायला लावला.

दारू त्यांनी मुद्दाम फुगीर दाण्यांची निवडली होती. चुकून दोनदा पडली तर ती काडतुसातून ओसंडते आणि चूक तिथेच दिसते. शिवाय रिकामं काडतूस पालथं ठेवायचं, भरलेलं सुलटं.

मी मोटारींच्या कारखान्यात क्वालिटी बघते, त्यामुळे मला हे भलतंच पटलं. आमच्या घरी आमटीत मी मीठ घालते, मग नवराही घालतो, आणि पातेलं काही ओसंडत नाही. मी ओट्यावर एक वाटी ठेवली. पालथी असेल तर मीठ बाकी, सुलटी असेल तर घातलंय. वर्षभर एकदाही आमटी खारट झाली नाही.

मग पुण्याहून सासूबाई आल्या, आणि मी घरमालकांना जेवायला बोलावलं. मीठ घातलं, वाटी सुलटी केली. घरमालकांनी आमटीचा एक घोट घेतला आणि पाण्याचा अख्खा जग संपवला.

"वाटी पालथी होती, म्हणून मी घातलं," नवरा म्हणाला.

"आई, वाटी कुणी पालथी केली?" मी जवळजवळ ओरडलेच.

"मी. चांगली घासून ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "धुतलेलं भांडं उताणं ठेवतात होय गं तुमच्या जर्मनीत?"