एका ओळीचा हेवा

लोकांना दुसऱ्याच्या माडीचा हेवा वाटतो, नोकरीचा वाटतो, कधी बायकोचाही वाटतो. मला जन्मात ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त हेवा वाटला, ती एक ओळ होती. एका छोट्या फाइलमधली ओळ. तिच्यात आधी 'मेंटेनर', म्हणजे सांभाळणारा, हा शब्द आणि त्याच्यापुढे माझ्या मित्राचा ईमेलचा पत्ता. सांगायला लाज वाटायला हवी, पण आता केस पिकले, लाजेला तसं फारसं काम उरलेलं नाही.

वर्ध्याच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. नव्वदीच्या शेवटी मी दुकानावरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. आठवडाभर पोरं टायपिंग शिकायची, रविवारी क्लास बंद. रविवारची ती खोली, त्यातला एक बरा कॉम्प्युटर आणि त्याला टेलिफोनवरून इंटरनेटला जोडणारा एक मोडेम ही माझी इस्टेट. त्या इस्टेटीत मी एकाच माणसाला येऊ देत असे. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. तो मूळचा अल्लीपूरचा, पुढे समुद्रपूरच्या एका कचेरीत कारकून लागला. दर रविवारी सकाळच्या एसटीने यायचा, हातात डबा आणि माझ्यासाठी काहीतरी शेतातलं, हरभरा नाहीतर बोरं. मी खालून चहा आणि गोरसपाक, आमच्या वर्ध्याची तुपातली बिस्किटं, मागवायचो. संध्याकाळच्या गाडीने तो परत जायचा.

एकदा मी नागपूरहून एक सीडी आणली. तिच्यावर एक फुकटची सिस्टिम होती. तिचं आतलं सगळं लिखाण उघडं होतं आणि जगभरातली माणसं मिळून ती चालवत. पण नुसत्या सिस्टिमने काही होत नाही, तिच्यावर चालायला प्रोग्राम लागतात. ते लिहिणारे बाहेरचे, त्यांनी ते दुसऱ्याच कुठल्या सिस्टिमच्या मापाने लिहिलेले. आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक शिंपी बसायचा, तयार शर्ट उसवून गिऱ्हाइकाच्या अंगाला बसवून द्यायचा. हे काम तसंच. प्रोग्राम कुठून उतरवायचा, त्यात कुठे काय बदलायचं, बसवताना कुठली वस्तू कुठे ठेवायची, हे सगळं नीट लिहून पाठवायचं. याला पॅकेज म्हणत. ते पसंत पडलं की त्या ओळीत तुमचं नाव लागे. मग ते पॅकेज तुमच्या गळ्यात. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की पुन्हा उसवा, पुन्हा शिवा. पैसा नाही, पगार नाही. होती ती फक्त ओळ.

हे सगळं त्याला मी शिकवलं. हे वाक्य मी त्या काळात मनातल्या मनात दिवसातून दहादा म्हणत असे. कॉम्प्युटर माझा, टेलिफोन माझा, खोली माझी, शिकवलं मी. आणि दोन वर्षांत माझ्या नावावर एक पॅकेज आणि त्याच्या नावावर पाच!

माझं एक म्हणजे पावसाच्या आणि तापमानाच्या नोंदींवरून आलेख काढणारा एक गरीब प्रोग्राम. माझ्याशिवाय तो कोणी वापरत असेल याची मला शंकाच आहे. त्याच्या पाचांतला एक चित्रं पाहायचा होता, तो मात्र सगळे वापरत. त्याला देशोदेशींहून पत्रं येत आणि ती तो माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून वाचे. "अबे, पाय, हा काय म्हनून राह्यला," असं म्हणून मला दाखवी. मी "वा, वा" म्हणे. पोटात मात्र असं दुखे की गोरसपाक खाली उतरत नसे.

त्यातही जास्त जळायचं ते त्याच्या पद्धतीवर. त्याच्याजवळ कॉम्प्युटर नव्हता. रविवारी एखादं पॅकेज अडलं की तो चुकांची लांबलचक यादी छापून घ्यायचा आणि घडी करून पिशवीत घालून समुद्रपूरला न्यायचा. आठवडाभर ते कागद घरी वाचायचा. पुढच्या रविवारी यायचा तेव्हा कचेरीतल्या जुन्या फॉर्मच्या पाठीमागे पेन्सिलने उत्तर लिहिलेलं असायचं. बारा ओळी, कधी चारच. मी त्या टाइप करायचो आणि अडलेलं गाडं चालायला लागायचं. मी आठवडाभर यंत्रापुढे बसून डोकं फोडून घेतो, आणि हा कागदावर! एकदा न राहवून मी विचारलं, कसं जमतं रे तुला?

"तू शेवटची चूक पायतो," तो म्हणाला. "सगळेच पायतात. मी पयली पायतो. बाकीच्या सगळ्या तिचीच लेकरं असतात."

खरंच साधी गोष्ट होती. ती मला सुचली नव्हती, आणि त्याचा राग मी त्याच्यावर काढायचं ठरवलं होतं बहुतेक, फक्त मला अजून ठाऊक नव्हतं.

आता त्या मंडळींचा एक रिवाज सांगतो. तुमच्या पॅकेजबद्दल कोणी तक्रार केली किंवा बदल सुचवला, तर उत्तर द्यायला तुम्हाला दोन आठवडे मिळत. दोन आठवडे तुम्ही गप्प राहिलात, तर तुम्हाला न विचारता बदल होई, आणि कोणी दुसरा तयार असला तर ओळही त्याच्या नावावर जाई. नियम वाईट नव्हता, नाहीतर मेलेल्या माणसांच्या नावावर पॅकेजं पडून राहिली असती. पण माझा मित्र टपाल वाचायचा ते फक्त रविवारी आणि फक्त माझ्या खोलीत. म्हणजे त्याच्या पाचही ओळी माझ्या दाराच्या कडीला टांगलेल्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

तक्रारी आणि त्यांची उत्तरं सगळ्यांना दिसत. एका मंगळवारी त्या चित्रांच्या प्रोग्रामवर तक्रार आली. नव्या आवृत्तीत एक धोक्याची चूक दुरुस्त केली आहे, पॅकेज लवकर बदला, आणि सोबत त्या माणसाने स्वतःच केलेली थोडी ठिगळपट्टी. मी ती वाचली. मग खाली जाऊन समुद्रपूरच्या बूथवर फोन लावला. मित्राच्या घरी फोन नव्हता, त्याचे निरोप शेजारच्या बूथवाल्याकडे ठेवावे लागत. मी निरोप ठेवला, की विजेने मोडेम जळाला आहे, नागपूरला दुरुस्तीला दिला आहे, तीन रविवार येऊ नको.

मोडेम टेबलावर होता आणि त्याचे दिवे छान लुकलुकत होते.

ते रविवार मला अजून आठवतात. खोलीत मी एकटा. चहा एकच मागवला. घड्याळ पाहत होतो, गाडी येण्याची वेळ झाली की जिन्याकडे कान जात. मागच्या वेळी तो माझ्याच आलेखाच्या पॅकेजच्या चुका छापून घेऊन गेला होता. नव्या आवृत्तीवर ते महिनाभर अडलं होतं आणि मला सुटत नव्हतं. ते कागद त्याच्याकडेच राहिले, एवढी एकच चुटपुट. बाकी मी दिवस मोजत होतो.

तिसऱ्या रविवारी मुदत कधीच उलटून गेली होती. मी लिहिलं, की मेंटेनर उत्तर देत नाही असं दिसतं, हे पॅकेज मी सांभाळायला तयार आहे. तक्रारीसोबतची ठिगळपट्टी तशीच जोडून दिली. उत्तर आलं, आभार, आणि ओळ माझ्या नावावर. मी ती ओळ पडद्यावर बराच वेळ पाहिली. आनंद झाला का? झाला. साधारण जेवणाच्या वेळेपर्यंत टिकला.

चौथ्या रविवारी तो आला. नेहमीसारखा घामाघूम. पिशवीतून बोरं काढली आणि एक फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. पाठीमागे पेन्सिलने चौदा ओळी.

"तुह्या आलेखाचं निंगालं," तो म्हणाला. "तीन आयतवार मोकळेच होते, बसलो घेऊन. टाइप कर बरं, मले रायवत नाई."

मी टाइप केलं. पहिल्या फटक्यात चाललं. त्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, आता माझं टपाल पाहू दे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. मी चहा सांगायचं निमित्त करून उठलो, पण जिन्यापर्यंतही गेलो नाही. तो तक्रार वाचत होता, मग तिच्याखालचं माझं पत्र. त्या पत्राच्या डोक्यावर तारीख आणि वेळ होती, ती यंत्र आपोआप घालतं. मी ती विसरलो होतो. पहिली ओळ पाहायची सवय माझी नव्हतीच.

त्याने बोट तारखेवर ठेवलं. मग मोडेमकडे पाहिलं. परत तारखेकडे.

"मंग त्या आयतवारी मोडेम चालू होता," तो म्हणाला.

त्याने डबा उघडलाच नव्हता, तो तसाच पिशवीत घातला. बोरं राहू दिली. फॉर्मही राहू दिला. दुपारची गाडी मिळेल म्हणाला आणि जिना उतरून गेला.

यानंतरचं सांगायलाच हवं. त्याच संध्याकाळी मी त्याच्या चौदा ओळी माझ्या म्हणून पाठवल्या. काम दुसऱ्याने केलं असेल तर पत्रात त्याचं नाव लिहायचं, असाही त्या मंडळींत रिवाज होता. मी नाही लिहिलं. बोरं खात बसलो.

तो पुन्हा आला नाही. त्याची उरलेली चार पॅकेजं त्याच नियमाने एकेक करून परक्यांकडे गेली. माझ्याकडे दोन ओळी होत्या आणि चित्रांच्या प्रोग्रामबद्दल रोज तक्रारी. ती ठिगळपट्टी अर्धवट होती, कोणाच्या यंत्रावर चाले, कोणाच्या नाही. मी शेवटची चूक पाहायचो, मग आठवायचं, मग पहिली पाहायचो, आणि तरी सुटायचं नाही. म्हणजे ती युक्तीही खरी नव्हती. त्याच्याकडे आणखी काहीतरी होतं, जे त्याने सांगितलं नव्हतं किंवा सांगता येण्यासारखं नव्हतं. त्याचा मला वेगळा हेवा वाटू लागला.

असं चार-पाच वर्षं ओढलं. मग एक मोठी आवृत्ती आली आणि पॅकेज पार बंद पडलं. दोन महिने झटलो. शेवटी चुकांची यादी छापली, घडी करून खिशात घातली आणि समुद्रपूरची बस धरली. मनाशी म्हणत होतो की ओळ त्याला परत द्यायला चाललो आहे. विचारल्याशिवाय कोणाचं नाव लावता येत नाही, म्हणून विचारायला चाललो आहे. पण खिशात कागद होता, हेही खरं.

तो ओसरीवर बसला होता. "ये," म्हणाला. आत चहा सांगितला. घरात आता कॉम्प्युटर होता, त्याच्यावर कापड टाकलेलं. बरं चाललंय, कचेरीतही यंत्रं आली, सगळे त्यालाच विचारतात, असं इकडचं तिकडचं झालं. मी माफी मागायचे शब्द बसमध्ये जुळवले होते, ते काही निघेनात. मी खिशातला कागद काढला.

त्याने तो घेतला. कानावरची पेन्सिल काढली. चहा गार होईपर्यंत वाचला, मग उलटून मागे सहा ओळी लिहिल्या आणि मला दिला.

"नाव तुझं लावू का परत?" मी विचारलं. "मेंटेनर म्हणून. ते तुझंच आहे."

"नाई बाप्पा," तो म्हणाला. "नाव काय चाटाचं हाय?" मग पेन्सिल परत कानावर ठेवली. "बायको म्हने तवा, काऊन नाई जात वर्ध्याले? मी म्हनलं, मोडेम जळाला. अजून तिले तेच माहीत हाय. मी काई पॅकेजासाठी येत नव्हतो गड्या. मी आयतवारी तुह्याकडं येत होतो."

मी कागद घडी करून खिशात घातला. निघताना तो दारापर्यंत आला, पण "येजो पुन्हा" म्हणाला नाही.

घरी येऊन सहा ओळी टाइप केल्या. चालल्या, अर्थातच. या वेळी मी पत्रात लिहिलं, की हे काम माझं नाही, आणि त्याचं नाव घातलं. इतक्या वर्षांत मी शेकड्यांनी पत्रं पाठवली असतील, उत्तर ठरलेलं, आभार, संपलं. या वेळी दुसऱ्याच दिवशी लांबलचक उत्तर आलं. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाने लिहिलं होतं, तो परत आला का? बरा आहे ना? आम्ही इथे अधूनमधून त्याची आठवण काढतो, इतकं नीटस काम कोणी करत नसे, त्याला आमचा नमस्कार कळवा.

माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. एवढं सगळं झाल्यावरही माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

ते पत्र मी छापून टेबलाच्या खणात ठेवलं, येत्या रविवारी त्याला नेऊन दाखवायचं म्हणून. समुद्रपूरच्या गाड्या दिवसभर सुटतात. ते अजून खणातच आहे.