शिंगाले कंदील

अकोल्याच्या जुन्या शहरात शालिकरामचं डफडं वाजलं की हातातलं काम हातातच थांबायचं. माळ्याचा पोर तो. लहानपणी बापामागं वांग्या-मेथीची टोपली घेऊन हिंडायचा आणि अशी हाळी द्यायचा की दोन गल्ल्या पलीकडची बाई परात घेऊन दारात यायची. त्या आवाजावरच कमेटीनं, म्हणजे गावच्या म्युनिसिपालटीनं, त्याला दवंडीवर घेतलं. अक्षर येत नव्हतं त्याला. हेडक्लार्क खुशालराव कागद वाचून दाखवत, हा डोळे मिटून ऐकायचा, आणि मग चौकाचौकात जाऊन शब्दाला शब्द ओतून यायचा. घरपट्टी कधी भरायची, देवीची लस टोचणारा कुठं बसणार, कोणता रस्ता खोदून ठेवलाय. त्यात एक शब्द कमी नाही की एक जास्त नाही. "शालिकरामनं सांगतलं काय? मंग झालं," एवढं कोणी बोललं की जुन्या शहरात विषय संपायचा.

सगळं बरं चाललं होतं, आणि कमेटीला अवदसा आठवली. नदीपल्याड, स्टेशनच्या अंगाला, कापसाच्या जिनाचे, म्हणजे सरकी काढायचे, कारखाने वाढले, वस्ती वाढली, म्हणून तिकडच्या दवंडीला दुसरा माणूस घेतला. सहदेव त्याचं नाव. हिवरखेडचा, मिसरूड नुकतं फुटलेला, आणि आवाज असा की शालिकरामच्या मते त्याच्यापेक्षा बकरी बरी. पण हा पोट्टा कमेटीचा कागद नुसता सांगत नसे, रंगवून सांगे. मधूनच साहेबाची नक्कल करी, मधूनच एखाद्या शेटजीला चिमटा काढी. दवंडी संपली तरी लोक हलायचे नाहीत. "अजून सांग ना बे सहदेव!" म्हणायचे. आता तुम्हीच सांगा, दवंडी म्हणजे काय लग्नाची पंगत आहे, अजून वाढ म्हणायला?

शालिकरामचं पित्त तेव्हापासून खवळलं ते खवळलं. तो मुद्दाम नदी ओलांडून जायचा, एखाद्या दुकानाच्या आडोशाला उभा राहायचा आणि सहदेवची दवंडी ऐकायचा. बायका पदरात तोंड लपवून हसताहेत, म्हातारे मांडीवर थाप मारताहेत. हे पाहून घरी आल्यावर याला जेवण जायचं नाही. एवढी वर्षं घसा फोडला, कोणी कधी "वा!" म्हटलं होतं का? आणि काल आलेलं हे पोरगं!

त्यात हिवाळ्याच्या तोंडाशी खुशालराव एक दिवस बोलता बोलता बोलून गेले, "शालिकराम, औंदा कमेटीच्या हातात पैसा नाही. बजेटात दोन दवंडीवाले बसत नाहीत. फागुनात एकच ठेवतील. लोक ज्याचं ऐकतात, तो."

लोक कोणाचं ऐकतात ते शालिकराम आपल्या डोळ्यांनी पाहून आला होता.

मार्गशीर्ष लागला. कापसाच्या गाड्यांची रीघ लागली आणि त्याच रस्त्यांवर अमरावतीकडून येणाऱ्या मोटारीही वाढल्या. अंधारात मोटारी आणि गाड्या एकमेकींना भिडायला लागल्या, तेव्हा कमेटीनं कागद काढला. थंडी आहे म्हणून कोणी रस्त्याच्या मधात शेकोटी पेटवू नये. गाडी डाव्या बाजूनं हाकावी. अंधार पडल्यावर गाडीखाली पेटता कंदील टांगावा. गाडीवानानं चालत्या गाडीत झोपू नये. जो ऐकणार नाही त्याला दंड.

शालिकरामनं सकाळी अर्धं जुनं शहर सांगून संपवलं आणि दुपारी भाकरी खायला घरी आला. त्याची बायको जयवंता नदीपल्याडच्या बाजारात भाजी विकायची. तीही तेवढ्यात टोपली रिकामी करून आली, ती दारातूनच हसत.

"आज त्या सहदेवनं तं पोट दुखवलं बाप्पा! म्हने, गाडीवानहो, गाडीत झोपू नोका. आतापर्यंत झोपले तं बैल घरी नेत होते. आता मोटार नेईन, ते थेट वर!" आणि ती पदरानं डोळे पुसत पुन्हा हसली.

शालिकरामनं हातातला घास परत ताटात ठेवला. परका हसतो ते एक वेळ सहन होईल. पण घरची बाई?

"माह्या डोंडीले हासली का तू कधी?" त्यानं विचारलं.

"तुमच्या डोंडीत हासाचं काय राह्यते? तुमची डोंडी म्हंजे हुकूम." जयवंता सहज बोलून चुलीकडे वळली.

झालं! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्धी भाकरी तशीच टाकून त्यानं डफडं गळ्यात अडकवलं. हसवायचंच ना लोकांना? त्यात काय मोठी विद्या आहे! वाटेनं चालता चालता त्यानं एक गंमत जुळवली, आणि ती त्याची त्यालाच इतकी आवडली की गालातल्या गालात हसू फुटलं.

वेशीजवळच्या चौकात गाडीवान बैलं सोडून बसले होते. भाजीवाली पार्बताबाई आपल्या पाटीशी होती. शालिकरामनं डफडं बडवलं आणि छाती भरून आवाज काढला.

"ऐका हो! अंधार पडल्यावर गाडीले कंदील पाहिजे! तो गाडीखाली नोको, बैलाच्या शिंगाले बांधा! डाव्या बैलाच्या डाव्या शिंगाले एक, उजव्याच्या उजव्या शिंगाले एक! म्हंजे समोरच्या मोटारवाल्याले वाटलं पाहिजे, दोन दिव्यांची मोटारच येऊन राहिली!"

आणि तो थांबला. सहदेव असाच थांबायचा, हशा येऊन जाईपर्यंत.

कोणी हसलं नाही. एक म्हातारा मान हलवत म्हणाला, "बराबर हाये. मोटारले दोनच दिवे असतात." पार्बताबाई पुटपुटली, "दोन कंदील म्हंजे तेल केवढ्याचं जाईन गा!" आणि शालिकरामच्याच गल्लीतला पुंजाराम गाडीवान पुढं येऊन अगदी गंभीरपणे विचारायला लागला, "शालिकभाऊ, शिंगाच्या टोकाले बांधाचा, का बुडाले?"

आता वेळ होती. "अरे, गंमत केली," एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण न हसलेल्या माणसांना ही गंमत होती म्हणून सांगायचं, म्हणजे नाक कापून हातात देण्यासारखं. उद्या सहदेवच्या कानावर गेलं तर? शालिकरामच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"बुडाले," तो म्हणाला. "घट्ट बांधजा."

सकाळी ज्यांनी गाडीखाली म्हणून ऐकलं होतं त्यांनीही दुपारचाच हुकूम खरा धरला, आणि दुसऱ्या दिवशी सांजच्याला जुन्या शहरातल्या झाडून साऱ्या गाड्या शिंगांना कंदील बांधून निघाल्या. लोकांनी शेजारून मागून आणले, उधारीवर आणले, पण आणले. आणि नदीच्या उतारावर पुंजारामच्या बैलानं मान झटकली, तापलेली काच कानाला लागली, आणि बैल उधळला. कापसानं भरलेली गाडी नालीत कलंडली. पुंजारामचा पाय चाकाखाली आला आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. लोकांनी त्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं.

शालिकराम गर्दीत उभा होता. त्याच्याच कानाशी कोणी तरी म्हणालं, "पुंजारामनं बांधला सैल असन. हुकूम तं बराबर होता." तो घरी गेला आणि घोंगडी डोक्यावर घेऊन पडला. ताप आला म्हणाला.

खुशालरावांना दुसऱ्या दिवशी ही शिंगांची भानगड कळली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. शालिकराम तर आजारी. मग सहदेवलाच जुन्या शहरात धाडलं, की हुकूम गाडीखाली कंदील टांगायचा आहे, शिंगाचे ताबडतोब सोडायला सांग. दिवस कलताना तो सहदेव शालिकरामच्या दाराशी येऊन उभा राहिला. डफडं काखेत, तोंड एवढंसं झालेलं.

"काका, आत येऊ काय?"

शालिकराम उठून बसला. दोन वर्षांत हा पोरगा त्याच्याशी एवढ्या नरमाईनं कधी बोलला नव्हता. खरं म्हणजे यानंच कधी बोलू दिलं नव्हतं.

"दुपारपासून बोंबलून राहिलो काका, शिंगाचे कंदील सोडा म्हनून. लोक पोट धरधरून हासतात. म्हनतात, सहदेव, आज लय रंगात आला तू! एक कंदील सुटला नाई. ते पार्बताबाई म्हने, शालिकराम येऊन सांगन तं सोडू." सहदेवनं खाली मान घातली. "खरं सांगू का? मले तुमचा लय हेवा वाटते. माह्यावर लोक खुश हायेत, पन माह्यं खरं कोनी धरत नाई. तुमी शिंक जरी दिली तं लोक हुकूम समजतात."

काय ऐकलं हे! शालिकरामला गुळाचा खडा तोंडात विरघळावा तसं झालं. हा माझा हेवा करतो? आडोशाला उभं राहून घालवलेल्या त्या साऱ्या दुपारी, अर्धवट टाकलेल्या भाकरी, सगळं एका क्षणात फिटलं. आणि लगेच दुसरा विचार आला. आपण असंच पडून राहिलो तर? सहदेवचं कोणी ऐकत नाही हे कमेटीला दिसेलच. फागुनात हा हिवरखेडला आणि आपण दवंडीवर.

"मले लय ताप हाये," तो म्हणाला. "उद्या पाहू." आणि त्यानं घोंगडी ओढून घेतली. सहदेव मुकाट्यानं निघाला.

जयवंता चुलीपासून उठली, जवळ आली आणि त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप कोठी हाये?" ती म्हणाली. तेवढ्यात गल्लीत घुंगरं वाजली आणि जयवंता दाराकडे वळली. "अवो, पुंजारामची गाडी निघाली. त्याचा भाऊ किसन हाकून राहिला."

शालिकराम उठून दारात आला. कान भाजलेला तोच बैल होता, कानाला हळद थापलेली, आणि त्याच शिंगाच्या बुडाला नवा कंदील. बैल मान तिरपी करून, डोळे पांढरे करून चालला होता. मोठा भाऊ दवाखान्यात पडलाय, बैल भीतीनं थरथरतोय, तरी किसननं कंदील बांधला होता. का? तर शालिकरामनं सांगितलं होतं.

तो धावतच गेला आणि स्वतःच्या हातानं दोरी सोडायला लागला. "अबे शालिकभाऊ, दंड लागन ना!" किसन ओरडला. शालिकरामनं घरातून डफडं आणलं आणि वाटेतल्या सहदेवलाही मागे टाकून वेशीच्या चौकात जाऊन उभा राहिला.

"ऐका हो! शिंगाले कंदील बांधा, हे कमेटीनं सांगतलं नव्हतं! ते माह्या मनचं होतं! सहदेवले लोक हासतात, तसे मले बी हासावे म्हनून मी बोललो! त्याच्यावर जळून बोललो! पुंजारामचा पाय माह्यानं मोडला! कंदील सोडा, गाडीखाली टांगा!"

मग एकेक जण उठला आणि कंदील सोडायला लागला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. फक्त तो म्हातारा जवळ येऊन हळूच विचारून गेला, "मंग आजवर आनखीन काय काय मनचं सांगतलं गा तू?"

"काईच नाई बाप्पा. हे एवढंच," शालिकराम म्हणाला. म्हाताऱ्यानं मान हलवली, पण ती पूर्वीसारखी नव्हती.

त्यानंतर त्याचं डफडं वाजलं की लोक ऐकायचे, आणि मग नदीपलीकडे कोणी जाणार असेल त्याला सांगायचे, "सहदेव काय म्हनते ते इचारून ये." हे ऐकताना तो आता खरा जळायचा. पूर्वी जळत होता तेव्हा जवळ काही तरी होतं, त्याची त्याला खबर नव्हती. आता खबर होती आणि जवळ काही नव्हतं.

फागुनात बजेट मंजूर झालं. खुशालरावांनी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे एकदाही न पाहता वाचला. "सहदेवचं कोणी खरं धरत नव्हतं, शालिकराम. पण तो खोटं बोलला नाही," ते कागदावरून मान वर न करता म्हणाले. "महिना संपेपर्यंत जुनं शहर तुझ्याकडेच आहे. तिकडं तुलाच सांगावं लागेल."

शालिकराम डोळे मिटून ऐकत होता. मग तो वेशीच्या चौकात गेला, डफडं बडवलं, आणि शब्दाला शब्द सांगितलं.

"ऐका हो! नव्या सालापासून नदीच्या दोन्ही अंगाले दवंडीचं काम सहदेव करन! शालिकराम दवंडीवाल्याले कमी केलं हाये! नागरिकाईनं याची नोंद घ्यावी!"

मग पार्बताबाईनं पाटीवर हात आपटला आणि ती खदखदून हसली. तिच्यामागं गाडीवान हसले, म्हातारा हसला, चौकच्या चौक हसला.

"बाई बाई बाई!" पार्बताबाई डोळे पुसत म्हणाली, "आता शिकला गा तू! सहदेवच्या बी वरताण हायेस! बरं, आता खरं सांग, काय हाये कागदात?"

"हेच हाये," शालिकराम म्हणाला.

तसा पुन्हा असा हशा उसळला की तो मागच्या गल्लीपर्यंत गेला. घरात जयवंता भाकरी थापत होती. तिनं तो ऐकला आणि तिला वाटलं, सहदेव आला असेल.