नानांचं धुरकट भिंग

पाण्यावरून सख्खे भाऊ भांडत होते, त्या दुष्काळातही आमचे नाना प्रोजेक्टरच्या भिंगाला शिवण्याआधी साबणाने हात धूत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "मशीनला डोळा एकच हाय." नाना सहकारी संघाचे ऑपरेटर आणि मी संघाच्या जीपचा ड्रायव्हर. आष्टी भागात दुष्काळी कामांवर दिवस मावळला की आम्ही आधी दूधसंस्थेची फिल्म दाखवायचो, मग खरा सिनेमा.

नाना मनाने वाईट नव्हते, पण मशीनच्या बाबतीत भारी तुसडे. त्या उन्हाळ्यात चित्र धुरकट यायला लागलं. नटी ताकात बुडवून काढल्यासारखी दिसे. तलावाच्या कामावरच्या बाया मातीने माखलेल्या अंगानेच येऊन पुढे बसत. एकदा नाना सगळ्यांदेखत ओरडले, "धूळ घिऊन कशाला येता पुढं? भिंग खराब केलं तुमी. सरा मागं." बाया निमूट पदर झटकत मागे सरल्या. मलाही नानांचंच खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघात नानांनी भिंग खोललं. बाहेरून ते स्वच्छ होतं. आत, दोन काचांच्या मध्ये, लोणच्यावर येते तशी बुरशी धरली होती. पुसली, तरी डाग राहिले. तिने काचच खाल्ली होती. उन्हाने काचा जोडणारा डिंक वितळेल म्हणून नाना भिंग घरी नेत आणि रांजणाभोवतीच्या ओल्या गोणपाटात ठेवत. घरात गार जागा तेवढीच होती. त्या ओलीनेच बुरशी धरली, हे नानांना कळलं आणि ते तडक संघाच्या चेअरमनकडे गेले.

चेअरमन म्हणाले, "धुळीनं गेलं म्हणून वर सांगू. नवं मिळंल. तुमची नोकरी कशाला घालवता?"

"नको साहेब. एकदा आळ घातलाय त्यांच्यावर. बुरशी माझ्यामुळं लागली, तसंच सांगा."

तसंच सांगितलं गेलं. नवं भिंग आलं आणि नव्या ऑपरेटरची नेमणूकही झाली. नानांच्या वाट्याला तलावावरचा एकच खेळ उरला. बाया आपणहून लांब मागे बसल्या होत्या. पुढची जागा मोकळी. नाना पडद्यापुढे उभे राहिले.

"भिंग माझ्याच हातानं खराब झालतं. तुमच्यावर उगा ओरडलो. चुकलं माझं. पुढं या."

कुणी उठेना. शेवटी एक म्हातारी त्यांची समजूत घालत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाना. हितनं बी दिसतंय. आज तर लई धूळ हाय आंगावर."

शरमेने माझीही मान वर होईना. नाना मशीनपाशी आले. चित्र लख्ख उमटलं. नानांनी मात्र त्या खेळात पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही.